प्रवाशांनी पट्टे बांधावेत, कर्मचाऱ्यांचे काय?

हवाई बेटांमधील हिलो येथून होनोलुलूकडे निघालेले अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान २८ एप्रिल १९८८ रोजी २४ हजार फुटांवर पोहोचले आणि क्षणार्धात त्याच्या पुढील भागाचे छत सुमारे १८ फूट लांबीपर्यंत उखडून गेले. प्रवासी उघड्या आकाशाखाली आले, परंतु आसनपट्ट्यांची सूचना देणारा दिवा अद्याप विझला नसल्याने ते सारे पट्ट्यांनी जखडलेले होते. अनेकांना जखमा झाल्या. मात्र एकाही प्रवाशाचा मृत्यू झाला नाही. वैमानिकांनी तेरा मिनिटांत विमान माउई बेटावर उतरवले. या दुर्घटनेत एकच बळी गेला, तो ज्येष्ठ हवाई सुंदरी क्लाराबेल लान्सिंग यांचा. पाचव्या रांगेजवळ उभ्या असलेल्या लान्सिंग हवेच्या झोतासरशी विमानाबाहेर फेकल्या गेल्या. त्यांची दुसरी सहकारी डोक्याला मार लागून कोसळली. तिसरी खाली पडूनही सावरली आणि मार्गिकेतून सरपटत प्रवाशांना धीर देत राहिली.

ही घटना अपवादात्मक होती. विमानाच्या कवचाला पडलेल्या सूक्ष्म भेगा आणि खारट हवेतील गंज ही तिची कारणे पुढे तपासात निष्पन्न झाली. मात्र तिने दाखवून दिलेली विषमता अपवादात्मक नाही. विमानात संकट येते तेव्हा प्रवासी बहुधा बसलेला असतो आणि कर्मचारी बहुधा उभा असतो. नोकरीच्या या स्वरूपातूनच विमानातील कर्मचाऱ्यांच्या बहुतेक इजा उद्‍भवतात.

‘हवाई सुंदरी’ हा शब्द मराठीत रुळला, त्यालाही आता अनेक दशके लोटली. या शब्दात गणवेश, हास्य आणि आदरातिथ्य आहे. कष्ट आणि धोका नाही. प्रत्यक्षात आगीपासून हृदयविकारापर्यंतच्या प्रसंगांत प्रवाशांचे प्राण वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेला हा वर्ग आहे आणि पुरुष कर्मचाऱ्यांची संख्याही त्यात मोठी आहे. त्यांचे काम धोक्याच्या व्यवसायांत मोडते, हे सामान्य प्रवाशाच्या सहसा ध्यानी येत नाही.

आकडे काय सांगतात?

या विषयावरील सर्वांत पद्धतशीर नोंदी अमेरिकेत ठेवल्या जातात. तेथील अधिकृत आकडेवारीनुसार २००९ ते २०२२ या चौदा वर्षांत वायुक्षोभामुळे १६३ जणांना गंभीर इजा झाल्या. त्यांपैकी १२९ विमानातील कर्मचारी होते, तर प्रवासी केवळ ३४. विमानात प्रवाशांची संख्या कर्मचाऱ्यांच्या कितीतरी पट असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांमधील तफावत अधिकच बोलकी ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००९ ते २०१८ या काळात तेथील मोठ्या विमान कंपन्यांच्या एकूण अपघातांपैकी एकतृतीयांशाहून अधिक अपघात वायुक्षोभामुळे घडले होते. यांतील बहुतेक अपघातांत विमानाला ओरखडाही उमटला नव्हता. हाडे मोडली होती ती माणसांची.

हीच तफावत ७ ऑक्टोबर २००८ रोजी वेगळ्या कारणाने दिसली. सिंगापूरहून पर्थला निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ए-३३० विमानाने संगणकीय यंत्रणेला मिळालेल्या चुकीच्या माहितीमुळे अचानक दोनदा नाक खाली केले. विमानातील ३०३ प्रवाशांपैकी किमान ११० जखमी झाले, म्हणजे साधारण तिघांमागे एक. बारा कर्मचाऱ्यांपैकी मात्र नऊ जणांना, म्हणजे चौघांमागे तिघांना इजा झाल्या.

आठ सेकंदांचा अवधी

ज्याला वैमानिक टर्ब्युलन्स म्हणतात, तो वायुक्षोभ वादळी ढगांत आणि त्यांच्या आसपास निर्माण होतो. डोंगररांगांवरून वाहणारे वारे आणि उंचावरील वेगवान वायुस्रोत यांच्यामुळेही तो उद्‍भवतो. ढग असतील तर विमानातील रडारला पावसाच्या थेंबांवरून धोक्याची चाहूल लागते. निरभ्र आकाशातील वायुक्षोभ मात्र रडारला दिसत नाही, त्यामुळे पूर्वसूचना मिळतेच असे नाही.

सिंगापूर एअरलाइन्सच्या लंडन-सिंगापूर विमानाला २१ मे २०२४ रोजी म्यानमारवरून जाताना ३७ हजार फुटांवर असा तडाखा बसला. विमानात २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी होते. एका ७३ वर्षीय ब्रिटिश प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक प्रवासी व कर्मचारी जखमी झाले आणि विमान बँकॉककडे वळवावे लागले. विमान हजारो फूट कोसळल्याच्या बातम्या तेव्हा पसरल्या होत्या. सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालातील नोंदी वेगळे सांगतात. निर्णायक क्षणी विमान केवळ १७८ फूट खाली आले होते आणि तेही साडेचार सेकंदांच्या आसपास. परंतु त्याच्या सुरुवातीला अवघ्या ०.६ सेकंदात गुरुत्वाचा भार अधिक १.३५ वरून उणे १.५ पर्यंत पालटला. म्हणजे ज्यांनी पट्टे बांधले नव्हते, ते सारे छताकडे फेकले गेले. पुढच्या चार सेकंदांत तो भार पुन्हा अधिक १.५ झाला आणि वर गेलेली माणसे तितक्याच जोराने खाली आदळली.

याच अहवालातील आणखी एक नोंद कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आसनपट्ट्यांचा दिवा लागला आणि त्यानंतर सुमारे आठ सेकंदांत हा उलटफेर झाला. बसलेल्या प्रवाशाला पट्टा अडकवण्यास एवढा वेळ कदाचित पुरेल. मार्गिकेच्या मध्यभागी गरम चहा-कॉफीने भरलेली ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला मात्र ट्रॉलीला ब्रेक लावायचा असतो, किटल्या खाली ठेवायच्या असतात, शेजारच्या प्रवाशाला बसते करायचे असते आणि त्यानंतर पंधरा-वीस रांगा पार करून स्वतःच्या घडीच्या आसनापर्यंत पोहोचायचे असते.

अशा वेळी होणाऱ्या इजांचेही ठरावीक स्वरूप आहे. वर फेकली गेलेली व्यक्ती खाली येते ती पायांवर किंवा पाठीवर. त्यामुळे घोटे आणि पाय मोडणे, मणक्यांना दाबाने इजा होणे, छतावर डोके आपटून मेंदूला मार बसणे हे प्रकार आढळतात. जमिनीला न अडकवलेली ट्रॉलीही माणसांबरोबर उसळते आणि कोणाच्या अंगावर कोसळेल याचा नेम नसतो. शेपटीकडील भाग विमानाच्या गुरुत्वमध्यापासून दूर असल्याने तेथे हेलकावे अधिक बसतात. खाद्यपदार्थ तयार ठेवण्याची जागा, जिला गॅली म्हणतात, ती बहुतेक विमानांत नेमकी तेथेच असते.

भारतात उन्हाळ्याच्या अखेरीस उठणारी वादळे या दृष्टीने विशेष जोखमीची ठरतात. स्पाइसजेटच्या मुंबई-दुर्गापूर विमानाला १ मे २०२२ रोजी उतरताना तीव्र वायुक्षोभाने गाठले, तेव्हा १४ प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाल्याचे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने म्हटले होते. गंभीर जखमींपैकी एका प्रवाशाचे काही महिन्यांनी निधन झाले. विमान खाली येत असतानाचा हाच काळ कर्मचाऱ्यांसाठी सर्वाधिक धावपळीचा असतो. ट्रे गोळा करणे, आसने सरळ करणे, पट्टे तपासणे ही कामे उभ्यानेच उरकावी लागतात आणि त्याच वेळी विमान ढगांच्या थरांतून उतरत असते.

ट्रॉली, उकळते पाणी आणि डोक्यावरील सामान

वायुक्षोभाच्या बातम्या होतात. रोजच्या कामात होणाऱ्या इजांच्या होत नाहीत. कंबर, खांदे, मान आणि मनगटे यांची दुखणी मात्र या व्यवसायात पदोपदी आढळतात.

विमान समतल उडत असल्याचे प्रवाशाला वाटत असले, तरी उंचावर स्थिरावल्यानंतरही त्याचे नाक साधारण दोन-तीन अंशांनी वर असते. चढणीच्या काळात हा उतार अधिक तीव्र असतो. लहान पल्ल्याच्या उड्डाणात तास-दीड तासात दीडशेहून अधिक प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे असल्याने विमान पुरते स्थिरावण्यापूर्वीच ट्रॉली बाहेर काढावी लागते. काठोकाठ भरलेल्या मोठ्या ट्रॉलीचे वजन शंभर किलोच्या घरात जाते. ती अरुंद मार्गिकेतून चढावर ढकलायची, उतारावर रोखून धरायची आणि प्रत्येक रांगेपाशी वाकून, वळून, हात लांब करून ट्रे द्यायचा, हा क्रम दिवसातून चार-चार उड्डाणांत चालतो.

सामान वर ठेवण्याचे काम हेही दुखापतीचे जुने कारण आहे. डोक्याच्या वरच्या पातळीवर वजन उचलताना खांद्यावर आणि कमरेवर सर्वाधिक ताण येतो. एका प्रवाशाची बॅग नऊ-दहा किलोंची असली, तरी अशा किती बॅगा एका पाळीत ढकलाव्या, वळवाव्या, पुन्हा रचाव्या लागतात याची मोजदाद कोणी करत नाही. कप्पा उघडताच घरंगळलेली बॅग डोक्यावर पडणे हेही नित्याचेच.

भाजणे हा आणखी एक प्रकार. केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी असल्याने पाणी तेथे ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. पण त्वचा भाजण्यास तेही पुरेसे असते. हलत्या जमिनीवर उभे राहून तापलेल्या ओव्हनमधून पदार्थ काढणे आणि प्रवाशांच्या डोक्यावरून चहाचे पेले पुढे करणे, यातली जोखीम निराळी सांगायला नको.

सारेच धोके आकाशातील नसतात. मुंबई विमानतळावर १५ ऑक्टोबर २०१८ रोजी एअर इंडियाच्या दिल्लीला निघालेल्या बोइंग ७७७ विमानाचा दरवाजा बंद करताना ५३ वर्षांची एक कर्मचारी तोल जाऊन खाली धावपट्टीच्या आवारात पडली आणि तिच्या पायांना गंभीर दुखापत झाली. विमान तेव्हा उभे होते.

दाब आणि धूर

प्रवासी विमानांतील हवेचा दाब सहसा सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाएवढा राखला जातो. चढताना आणि उतरताना तो बदलतो. सर्दीने कान-नाकाच्या पोकळ्या बंद झालेल्या असतील, तर पडद्यावर ताण येऊन वेदना होतात, प्रसंगी पडदा फाटतो. वर्षातून दोनदा विमानात बसणाऱ्याला हा त्रास क्वचित होतो. रोज अनेकदा चढउतार करणाऱ्या कर्मचाऱ्याने सर्दी असताना कामावर जावे की रजा घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीय आहे. दाबाची यंत्रणाच सुरू न राहिल्यास काय होते, ते २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात दिसले. हवेचा पुरवठा करणारी कळ सुरू न केल्याने केबिनमधील दाब राखला गेला नाही. अनेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले.

धुराचा धोका याहून गंभीर. स्विस इंटरनॅशनल एअर लाइन्सचे बुखारेस्टहून झुरिकला निघालेले एअरबस ए-२२० विमान २३ डिसेंबर २०२४ रोजी केबिनमध्ये धूर पसरल्याने ऑस्ट्रियातील ग्राझ येथे तातडीने उतरवण्यात आले. प्रवासी सुखरूप बाहेर पडले. मात्र केबिनमधील एक तरुण कर्मचारी आठवडाभरात रुग्णालयात मरण पावला. ज्या श्वसनसंरक्षक उपकरणाच्या भरवशावर कर्मचाऱ्यांनी धुरात शिरायचे असते, तेच पुढे तपासाचा विषय ठरले. प्रवाशांनी बाहेर पडायचे आणि कर्मचाऱ्यांनी आत थांबायचे, हा या नोकरीचा नियमच आहे. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानातील बाराही कर्मचारी प्राणास मुकले. त्यांतील दहा जण केबिनमधील होते आणि त्यांच्यापैकी काहींची घरे मुंबई व परिसरात होती.

न दिसणाऱ्या इजा

काही इजा घडताना कळतच नाहीत. अंतराळातून येणारा किरणोत्सर्ग जमिनीवर पोहोचेपर्यंत वातावरणात बराच शोषला जातो. ३५ हजार फुटांवर हे कवच विरळ असते. ध्रुवीय प्रदेशांजवळून जाणाऱ्या मार्गांवर मात्रा आणखी वाढते. अमेरिकेतील किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेने तेथील विमान कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक मात्रा ३.०७ मिलिसिव्हर्ट असल्याचे नमूद केले आणि ही मात्रा किरणोत्सर्गाशी संबंध येणाऱ्या तेथील सर्व व्यवसायांमध्ये सर्वाधिक ठरली. आंतरराष्ट्रीय शिफारशींतील वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट या मर्यादेपेक्षा ती पुष्कळ कमी आहे, हेही खरे. मात्र गर्भवती कर्मचाऱ्यांच्या बाबतीत गर्भासाठीची शिफारस एक मिलिसिव्हर्ट इतकीच असल्याने त्यांना वेळीच जमिनीवरील काम देणे अगत्याचे ठरते. युरोपीय देशांनी १९९६ च्या निर्देशानुसार कर्मचाऱ्यांच्या मात्रेचे मापन बंधनकारक केले आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली पाच हजारांहून अधिक अमेरिकी विमान कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण ३.४ टक्के आढळले, तर तुलनेच्या सर्वसाधारण गटात ते २.३ टक्के होते. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही अधिक होते. किरणोत्सर्ग, रात्रपाळ्या, झोपेचे बिघडलेले चक्र यांपैकी कशाचा किती वाटा, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. परंतु दुर्लक्ष करण्याजोगा हा फरक नव्हे.

न दिसणारी इजा मान्य होण्यास किती काळ लागतो, याचे उदाहरण विमानातील धूम्रपानाचे आहे. स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या आणि तरीही फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या नॉर्मा ब्रॉइन या हवाई सुंदरीने १९९१ साली सहकाऱ्यांसह सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कंपन्यांनी संशोधनासाठी ३० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आज विमानात कोणी सिगारेट पेटवली तर गुन्हा ठरतो. त्यामागे या कर्मचाऱ्यांच्या फुप्फुसांनी मोजलेली किंमत आहे.

प्रवाशांकडून मारहाण

इजा करणारा प्रत्येक वेळी वारा किंवा यंत्रच असतो असे नाही. कोरोनाच्या साथीत मुखपट्ट्यांच्या सक्तीवरून वाद पेटले, तेव्हा २०२१ या एका वर्षात अमेरिकेत प्रवाशांच्या बेशिस्तीच्या सुमारे सहा हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात साउथवेस्ट एअरलाइन्सच्या एका कर्मचारी स्त्रीचे प्रवाशाने केलेल्या मारहाणीत दात तुटले. पट्टा बांधून ठेवण्यास सांगणे, एवढेच निमित्त झाले होते. भारतात १० एप्रिल २०२३ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून लंडनला निघालेले विमान, एका प्रवाशाने दोन कर्मचाऱ्यांना इजा केल्यामुळे दिल्लीला परत आणावे लागले.

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांची वर्गवारी करणारी नियमावली जारी केली. शाब्दिक गैरवर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्यासाठी किमान दोन वर्षांची प्रवासबंदी तीत ठरवण्यात आली. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या तक्रारीला प्रथमच निश्चित चौकट मिळाली.

कायदा कोणाला ‘अपघात’ म्हणतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार विमानात कोणालाही गंभीर इजा झाली, तर ती घटना ‘अपघात’ ठरते आणि तिचा तपास होतो. मात्र ‘गंभीर’ याचा अर्थही ठरवून दिलेला आहे. ४८ तासांहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागणे, हाड मोडणे, आंतरिक अवयवांना इजा होणे यांचा त्यात समावेश होतो. बोटांची किंवा नाकाची साधी मोडतोड त्यातून वगळली आहे. ट्रॉली ढकलून हळूहळू निकामी झालेली कंबर अर्थातच या व्याख्येत बसत नाही. परिणामी ज्या इजांमुळे अनेकांची नोकरी जाते, त्यांची अपघातांच्या आकडेवारीत नोंदच होत नाही.

अमेरिकेत १९७५ पासून विमान कर्मचाऱ्यांची सुरक्षा ही केवळ हवाई वाहतूक प्रशासनाची बाब मानली गेली. त्यामुळे कारखान्यातील कामगाराला लागू असणारे सुरक्षाविषयक नियम विमानाच्या दाराशीच थांबत. २०१३ साली धोरण बदलले आणि आवाज, रक्तातून पसरणारे संसर्ग व घातक रसायने यांबाबतचे नियम केबिनमध्ये प्रथमच लागू झाले.

भारतात १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात विमान कर्मचाऱ्यांचा स्पष्ट समावेश १९९५ च्या दुरुस्तीने झाला. अपघात विमानातच घडला आणि अपंगत्वही तेथेच आले, तर कर्मचाऱ्याने अपघाताची निराळी सूचना देण्याची गरज नाही, अशी सोयही त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली असून, कामाच्या ओघात झालेल्या इजेची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी आता तीत अंतर्भूत आहे. नियम बदलले तरी एक गोष्ट बदलत नाही. दुखापत नोंदवली गेली तरच तिचा पुरावा राहतो. पाठीत उसण भरली तरी पुढचे उड्डाण हुकू नये म्हणून गप्प राहणारा कर्मचारी पुढे दाव्याच्या वेळी रिकाम्या हाताने उभा असतो.

चहा थांबू शकतो

निरभ्र आकाशातील वायुक्षोभ वाढत आहे, याचे पुरावे मिळू लागले आहेत. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार, उत्तर अटलांटिकवरील एका नमुना बिंदूवर तीव्र वायुक्षोभाचा वार्षिक कालावधी १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढला.

यावरचे उपाय मात्र फारसे खर्चिक नाहीत. मे २०२४ मधील दुर्घटनेनंतर काही दिवसांतच सिंगापूर एअरलाइन्सने नियम बदलला. पट्ट्यांचा दिवा लागला की जेवणखाण बंद आणि कर्मचाऱ्यांनीही बसायचे. कोरियन एअरने जुलै २०२४ पासून खानपानाची सेवा उतरण्यापूर्वी २० ऐवजी ४० मिनिटे आधी थांबवण्यास सुरुवात केली, तर ऑगस्टमध्ये साधारण वर्गातील लोकप्रिय कप नूडल्सही बंद केले. कारण उकळते पाणी हेलकाव्यांत अंगावर सांडत असे. विमानांनी वायुक्षोभाची माहिती परस्परांना पुरवावी यासाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०१८ साली सामाईक यंत्रणाही उभी केली आहे.

या साऱ्यात प्रवाशाचाही वाटा आहे. स्वतःला न उचलवणारी बॅग विमानात आणू नये, बसल्या जागी पट्टा सैलसर का होईना बांधून ठेवावा, दिवा लागलेला असताना पाण्यासाठी घंटी वाजवू नये आणि ट्रे मागितला की लगेच परत द्यावा. दिवा लागूनही मार्गिकेत उभ्या असलेल्या प्रवाशाला बसवण्यासाठी कर्मचाऱ्याला स्वतःचा पट्टा सोडून उठावे लागते. कर्मचाऱ्याला मिळालेले ते आठ सेकंद त्यातच खर्ची पडतात.